खोताचे बेट आणि गावाची राई

पोलादपूर तालुक्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, आणि होळी उलटली की ह्याच तालुक्यातल्या वाड्यांवर पाण्याचे टँकर चढू लागतात. जुलैत जे पाणी माणसांना घरांसकट गाडून टाकते तेच एप्रिलमध्ये हंडाभर मिळत नाही. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २०२१ च्या जुलैत तळीये गावात ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही डोंगर घरांवर आला. झाडे तुटली म्हणूनच दरडी कोसळतात असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. खडकाची ठेवण, मातीची जाडी, रस्त्यांसाठी कापलेले उतार आणि काही तासांत ओतणारा पाऊस ही सारी कारणे त्यात असतात. परंतु डोंगरमाथ्यावरचे रान उभे आहे की नाही ह्याचा खाली राहणाऱ्या माणसाच्या जिण्यामरणाशी संबंध आहे, एवढे मान्य करायला कोणत्याही शास्त्रज्ञाची हरकत असणार नाही.

कुडपण हे ह्या तालुक्यातले सह्याद्रीच्या माथ्याला बिलगलेले गाव. रायगड, रत्नागिरी आणि सातारा हे तिन्ही जिल्हे जेथे एकमेकांना भिडतात त्या कोपऱ्यातले. पावसाळ्यात धबधबा पाहण्यासाठी शहरांतून गाड्या येतात. उरलेल्या वर्षात गावात मुख्यतः म्हातारी माणसे, बायका आणि शाळेतली पोरे असतात, कमावती माणसे मुंबईत. अशा गावांच्या डोंगराची राखण पुढे कोणी करायची, हा प्रश्न आज उभा आहे. त्याचे एक उत्तर शहरांतल्या सुशिक्षित बैठकींतून आणि जमिनीच्या दलालांच्या जाहिरातींतून सारखेच ऐकू येते, आणि ह्या दोन ठिकाणांहून एकच उत्तर यावे ह्यातच ते तपासून पाहण्याचे कारण आहे. ते उत्तर असे : गावकऱ्यांना राखण जमली नाही, सरकारलाही जमली नाही. तेव्हा एखादे सधन, सुसंस्कृत, निसर्गप्रेमी कुटुंब डोंगर विकत घेऊन कुंपण घालील, देशी झाडे लावील, स्थानिक लोककलेलाही आश्रय देईल, तर बिघडले कोठे?

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्याच्या बाजूने जगातला सर्वांत भक्कम दाखला पॅसिफिक महासागरात आहे. तो नीट पाहिल्यावाचून कुडपणच्या डोंगराविषयी बोलणे एकांगी ठरेल.

हवाई द्वीपसमूहात नीहाऊ नावाचे सुमारे १८० चौरस किलोमीटरचे एक कोरडे बेट आहे. १८६४ साली हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा ह्याने ते दहा हजार डॉलरला न्यूझीलंडहून आलेल्या एलिझाबेथ सिंक्लेअर ह्या स्कॉटिश विधवेच्या कुटुंबाला विकले. तिच्या वंशजांकडे, रॉबिन्सन घराण्याकडे, ते आजही आहे. बाहेरच्या माणसाला तेथे मालकाच्या परवानगीविना पाऊल टाकता येत नाही. बेटावर पक्के रस्ते नाहीत, नळ नाहीत. पावसाचे पाणी साठवून वापरतात. २०२० च्या जनगणनेत तेथे ८४ माणसांची नोंद झाली.

आता ह्या घराण्याच्या बाजूने जे म्हणता येते ते मोकळेपणाने म्हटले पाहिजे. १८९३ साली अमेरिकन मळेवाल्यांच्या पुढाकाराने हवाईची राणी पदच्युत झाली. १८९६ च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले. १८९८ साली द्वीपसमूह अमेरिकेने गिळला. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत इतर बेटांवरच्या मुलांच्या तोंडून हवाईयन भाषा जवळजवळ नाहीशी झाली. नीहाऊवर ती टिकली. आजही तेथे मूल पहिला शब्द हवाईयनमध्ये उच्चारते. शिंपल्यांच्या बारीक माळा गुंफण्याची तेथल्या बायकांची कला जगात वाखाणली जाते. ह्याच घराण्यातील कीथ रॉबिन्सन ह्यांनी शेजारच्या कवाई बेटावर, घराण्याच्या जमिनीत, नामशेष होऊ घातलेल्या देशी वनस्पती वर्षानुवर्षे स्वतःच्या हातांनी वाढवल्या. सरकारी खात्यांशी त्यांचे वाकडे आले, पण झाडे जगली. संपत्तीचा असा उपयोग करणारे धनिक कोठेही विरळाच.

पण हिशेबाची वही दोन्ही बाजूंनी वाचायची असते. नीहाऊवर एक ताड आहे. हा ताड जगात मूळचा त्या बेटाखेरीज इतरत्र आढळत नाही. शास्त्रज्ञांनी त्याला बेटाचे एके काळचे मालक एल्मर रॉबिन्सन ह्यांचेच नाव दिले आहे. रानात ह्या ताडाची जेमतेम दोन झाडे उरल्याची नोंद झाली आणि १९९६ साली तो संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत गेला. कारण काय? त्याची रोपे जनावरे खातात आणि फळे उंदीर खातात. मालक कुटुंबाने बेट घेतले ते मेंढ्या आणि गुरे पाळण्यासाठी. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ते एक कुरण म्हणून चालले आणि मूळच्या झाडोऱ्याची मोठी हानी त्याच काळात झाली. पुढे त्याच घराण्याने झाडे लावली हेही खरे, परंतु त्यांतली बरीचशी गुरांना शेंगा आणि सावली देणारी परदेशी बाभळीच्या जातीची होती. ज्याच्या नावाने ताड ओळखला जातो त्याच्याच व्यवसायाने ताडाची रोपे खाल्ली. ह्यात त्या माणसाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. एकाच हातात मालकी, नफा आणि राखण अशी तीन कामे दिली की नड येताच त्यांतले कोणते काम मागे पडते, एवढेच ह्यातून दिसते.

माणसांचे काय झाले हे त्याहून महत्त्वाचे. १८४८ साली हवाईच्या राजाने जमिनीची वाटणी केली. तोवर तेथे जमीन खाजगी मालकीची वस्तू नव्हती. दोन वर्षांनी परदेशीयांना जमीन विकत घेण्याची मुभा मिळाली, तर रयतेच्या नावे एकूण जमिनीचा शंभरावा हिस्साही लागला नाही. नीहाऊवर तेव्हा सहाशेच्या आसपास लोक राहत आणि सरकारकडून खंडाने जमीन घेऊन कसत. त्यांना बेट विकत घेणे परवडले नाही. विक्रीनंतर अनेकांनी बेट सोडले. जे राहिले त्यांचे वंशज आज भाडे न भरता राहतात हे खरे, पण ते मालकाच्या मर्जीने राहतात. बेटावर राहण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही दप्तरात नाही. कोणी यावे, कोणी जावे, हे ठरवणारे ते नव्हेत. आणि जी भाषा नीहाऊवर टिकली ती इतर बेटांवर पुन्हा रुजवली कोणी? १९८३ साली काही शिक्षकांनी आणि आईबापांनी मिळून एक संस्था काढली, १९८४ साली कवाईवरच्या केकाहा गावात हवाईयन माध्यमाची पहिली बालशाळा उघडली, आणि १८९६ चा तो कायदा १९८६ साली बदलायला लावला. नीहाऊहून येऊन केकाहात राहिलेल्या घरांत ही भाषा जिवंत होती म्हणून ती शाळा तेथे निघाली, ह्याचे श्रेय बेटाला दिले पाहिजे. परंतु मालकाच्या कुंपणाने भाषा फक्त सांभाळली. ती पसरली ती कोणाच्या परवानगीची वाट न पाहणाऱ्या आईबापांमुळे.

कोकणी माणसाला ही व्यवस्था नवी वाटू नये. आपल्याकडे तिला खोती म्हणत.

महाड-पोलादपूरचा मुलूख ज्या कुलाबा जिल्ह्यात होता (१९८१ पासून त्याचे नाव रायगड) तेथे आणि रत्नागिरीत गावेच्या गावे वंशपरंपरेने खोतांकडे होती. खोत सरकारला ठरलेला धारा भरी आणि कुळाकडून अर्धेल किंवा तिर्धेल घेई. त्याशिवाय नांगरणीला, लावणीला, घरच्या कार्याला वेठ असे ती वेगळीच. १८८० च्या खोती कायद्याने ह्या व्यवस्थेला कागदी चौकट दिली आणि ती आणखी घट्ट केली. सगळेच खोत जुलमी नव्हते. विहिरी बांधणारे होते, दुष्काळात धान्य वाटणारे होते, आंब्याच्या राया लावणारे आणि देवळांचे उत्सव स्वतःच्या खर्चाने चालवणारेही होते. जुन्या माणसांच्या बोलण्यात असल्या भल्या खोतांच्या आठवणी अजून येतात. पण त्या भलेपणावर कुळाचा हक्क नव्हता. बापाने दिलेली सवलत मुलगा काढून घेऊ शकत होता. म्हणूनच नारायण नागू पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षे जमिनी ओसाड टाकल्या, उपासमार सोसली, पण संप मोडला नाही. म्हणूनच १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १९३८ च्या जानेवारीत कोकणातले हजारो शेतकरी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यांचे मागणे दयाळू खोत मिळावा असे नव्हते.

खोती १९४९ च्या कायद्याने गेली. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. येथे अर्थशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट घडली, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. खाचराला कूळ होते, वरकसालाही काही ठिकाणी होते, परंतु डोंगराच्या माथ्याला कूळ नव्हते, कारण माथा कोणी कसत नव्हते. सारे गाव त्याचा वापर करी : राबासाठी टहाळ, घरासाठी वासे, शिकेकाई, हिरडा, गुरांना चारा, औषधी मुळ्या. पण कायद्याला वापर दिसत नाही, त्याला नांगर दिसतो. त्यामुळे बराचसा डोंगर कोणा जुन्या नावावर किंवा सामायिक खात्यावर राहिला आणि त्यातला बराच भाग कोळसा पाडणाऱ्या कंत्राटदारांनी मुंबई-पुण्याच्या शेगड्यांसाठी बोडका केला. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने उरलेल्यापैकी पुष्कळ रान सरकारजमा झाले. गाव ह्या कुठल्याच टप्प्यावर मालक नव्हते आणि राखणदार म्हणूनही त्याचे नाव कोणी लिहिले नाही.

एकच अपवाद होता, देवराई. गावाच्या शिवेला काळकाई, वाघजाई, झोलाई, सोमजाई, भैरी अशा कोणा दैवताच्या नावाने राखलेले रान. त्यात कोयता लावायचा नाही, पडलेले लाकूडही देवाच्या कामाखेरीज उचलायचे नाही. एखादे झाड काढणे भागच असले तर कौल लावायचा, आणि तो कौल गुरवाने सगळ्यांसमोर सांगायचा. कौल ही अंधश्रद्धा म्हणून सोडून देता येईल, पण जाहीरपणे परवानगी घेण्याची ती पद्धत होती हेही पाहिले पाहिजे. सातवीण, बेहडा, किंजळ, कुंभा, पायर, जांभूळ ह्यांचे जुने खोड, त्यांवरून हत्तीच्या सोंडेएवढ्या जाडीची चढलेली गारंबीची वेल, मध्येच एखादा सुरमाड : असा झाडोरा जेथे आजूबाजूचा सारा डोंगर उघडा आहे तेथे देवराईतच उरला. आणि बहुतेक राईंच्या पोटात एखादा झरा असतो. शिमग्याची पालखी, खालूबाजा, जाखडी, मानाचे नारळ, साऱ्या गावाचे जेवण, हे सगळे त्या रानाच्या अंगणात घडते. झाडे राखणे आणि संस्कृती राखणे ही दोन खाती तेथे कधी वेगळी झालीच नाहीत.

डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ ह्यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. त्या काळची एक हकीकत ह्याच जिल्ह्यातली आहे. श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचे गाव आहे. तेथल्या राईतली झाडे वनखात्याने तोडणीसाठी निश्चित केली, तेव्हा गावकऱ्यांनी ह्या वनस्पतिशास्त्रज्ञांकडे धाव घेतली. त्यांचे म्हणणे पुराणातले नव्हते. राई गेली तर राईतून निघणारा ओढा आटेल आणि मग आम्ही प्यायचे काय, असा त्यांचा साधा सवाल होता. शास्त्रज्ञांनी मध्यस्थी केली आणि राई वाचली. वनशास्त्राचे पदवीधर ज्या खात्यात बसतात त्या खात्याला जे दिसले नाही ते पाण्याला जाणाऱ्या बाईला दिसत होते.

येथपर्यंत आल्यावर गावाच्या गोडव्यांवर लेख संपवण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण हा महाडचा मुलूख आहे. महाडच्या चवदार तळ्यावरही राखणदारीचाच दावा सांगितला गेला होता. १९२४ साली नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि मग स्पृश्य पुढारी कोर्टात गेले ते परंपरेचा कागद घेऊन : तळे आमचे, वहिवाट अनादि काळाची, ते शुद्ध राखणे आमचे काम. हा दावा पुरता निकालात निघायला १७ मार्च १९३७ उजाडले. उच्च न्यायालयाने सांगितले की अशी अनादि वहिवाट सिद्ध होत नाही. तेव्हा गावकी ह्या शब्दाने ज्यांना हर्ष होतो त्यांनी विचारावे की गावकीत बसते कोण? देवराईच्या मानकऱ्यांत बौद्धवाडीचे नाव आहे काय? डोंगरातल्या कातकऱ्याला, पठारावरच्या धनगराला ज्या रानाची पानन्‌पान माहिती आहे, त्याच्या कारभारात त्यांचा शब्द चालतो काय? राईत बायकांनी जाऊ नये असा नियम अजूनही कोठे कोठे आहे, आणि झऱ्यावरून पाणी वाहतात त्या बायकाच. चार मानाच्या घराण्यांनी चालवलेली गावकी ही चार भागांत विभागलेली खोतीच होय. आज अनेक गावांत ह्याच मानकऱ्यांच्या संमतीने आणि मुंबईच्या मंडळाच्या वर्गणीने जुन्या राईतली झाडे तोडून सिमेंटचा सभामंडप उभा राहतो. देवाला छप्पर मिळते आणि त्याचे घर जाते.

सामाईक मालमत्तेचा नाश अटळ असतो, कारण प्रत्येक जण आपले एक जनावर जास्त सोडतो, असा सिद्धांत गॅरेट हार्डिन ह्यांनी १९६८ साली मांडला. डोंगर विकत घेऊ पाहणाऱ्यांच्या तोंडी तो आजही असतो, बहुधा मूळ लेख न वाचता. एलिनॉर ऑस्ट्रम ह्यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंडच्या कुरणांपासून जपानच्या गावरानांपर्यंत आणि स्पेनच्या पाटांपर्यंत शतकानुशतके टिकलेल्या सामाईक व्यवस्था तपासून दाखवले की हार्डिन ज्याला सामाईक म्हणतात ते वस्तुतः बेवारस होय. हद्द ठरलेली असेल, वापरणाऱ्यांनीच नियम केले असतील, नियम मोडणाऱ्यावर त्यांचीच नजर असेल आणि वरचे सरकार त्यांचा हक्क मानीत असेल, तर सामाईक रान टिकते. ह्या कामासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कोकणातल्या देवराईत ऑस्ट्रमबाईंच्या बहुतेक अटी पूर्ण होतात. पूर्ण होत नाही ती शेवटची : सरकारने हक्क मानण्याची.

आणि ह्याच फटीतून नवा खोत आत येतो. कमाल जमीन धारणा कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात एका कुटुंबाला ५४ एकरांहून अधिक जिरायत जमीन धरता येत नाही. नीहाऊसारखे बेट येथे कायद्याने कोणाला घेता येणार नाही. पण नात्यागोत्यांची नावे, कंपन्या आणि कुलमुखत्यारपत्रे ह्यांनी ५४ चे पाचशे कसे होतात हे तालुक्याच्या कचेरीबाहेर बसणारा मुद्रांकविक्रेताही सांगू शकेल. सामायिक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस वारसांची नावे असतात. त्यांतले निम्मे मुंबईत, काहींनी गाव पाहिलेले नाही. एकाची सही घेऊन सुरुवात होते. घाटमाथ्यावर सातारा जिल्ह्यातल्या २३५ गावांसाठी राज्य सरकारने ‘नवीन महाबळेश्वर’ प्रकल्पाचे काम रस्ते विकास महामंडळाकडे सोपवले आणि २०२४ साली आराखड्याचा मसुदाही जाहीर झाला. त्याच्या पायथ्याच्या आणि बगलेच्या गावांत जमिनीचे भाव कोणत्या दिशेने जातील हे सांगण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ह्या गिऱ्हाइकांत खरोखर निसर्गप्रेमी माणसे असतील. गोदरेज घराण्याने विक्रोळीच्या खाडीकाठची खारफुटी अनेक दशके राखली आणि मुंबईवर त्याचे ऋण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ती खारफुटी कोणाचा रोजचा पाणवठा नव्हता. कुडपणसारख्या गावाच्या माथ्यावर कुंपण पडले तर त्याच्या आत झरा असेल, गुरांची वाट असेल आणि देवाचे ठाणेही असेल.

नीहाऊपासून शिकायचे असेल तर त्याच द्वीपसमूहातल्या दुसऱ्या बेटाकडेही पाहावे. कहोओलावे हे बेट १९४१ पासून अमेरिकी नौदलाने बाँबफेकीच्या सरावासाठी वापरले. १९७६ पासून हवाईयन तरुण तेथे बंदी मोडून उतरू लागले. १९७७ साली त्यांतले दोघे समुद्रात नाहीसे झाले. १९९० साली बाँबफेक थांबली. बेट राज्याकडे आले, आणि ते एका सार्वजनिक आयोगाकडे भावी हवाईयन राष्ट्रसत्तेसाठीची ठेव म्हणून ठेवण्यात आले आहे. व्यापारी उपयोगाला कायद्याने मनाई आहे. आज तेथे स्वयंसेवक पाण्याचे डबे वाहून नेऊन देशी झाडे लावतात. बेट अजून बरेचसे उजाड आहे आणि न फुटलेले बाँब जमिनीत आहेत, तरीही ते कोणाच्या मर्जीवर नाही.

आपल्याकडे हे करण्यासाठी नवा कायदा लागत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १८०० हेक्टर रानावर तो मिळवला आणि २०१३ साली आपली शेतजमीनही ग्रामदानात घातली. कोकणातल्या बिगरआदिवासी गावाला ह्या कायद्याखाली तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, पुरावा द्यावा लागतो. ही अट जाचक खरी, पण ज्या गावात शिमग्याच्या मानाचा क्रम पाच पिढ्या मागे सांगता येतो तेथे ती अशक्य नाही. खाजगी वा सामाईक जमिनीवर लोकांच्या इच्छेने सामुदायिक राखीव क्षेत्र करण्याची तरतूद वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आली. जैवविविधता कायद्याखाली सिंधुदुर्गातल्या बांबर्डे येथील भालांडेश्वराच्या राईला २०२१ साली वारसास्थळाचा दर्जा मिळाला. अडीच हेक्टरांच्या त्या राईत रानजायफळाचे दलदलीतले दुर्मीळ जंगल आहे, आणि गावाने देवाच्या नावाने राखले म्हणूनच ते सरकारला सापडले. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ओरणांची, म्हणजे तेथल्या देवरायांची, मोजणी करून त्यांना वनाचा दर्जा द्यावा असे सांगितले आणि राखणारी गावे हीच खरी राखणदार आहेत असेही मानले. येथे एक धोका आहे. वनाचा दर्जा मिळाला आणि कारभार वनखात्याच्या दप्तरात गेला, तर गाणीचा प्रसंग पुन्हा घडेल, फक्त ह्या वेळी कायदा खात्याच्या बाजूने असेल. दर्जा आणि ग्रामसभेचा हक्क ही दोन्ही एकाच कागदावर आली पाहिजेत.

ग्रामपंचायतींच्या जैवविविधता समित्या कागदावर सर्वत्र आहेत. लोक जैवविविधता नोंदवह्या मात्र २०२० च्या मुदतीच्या धाकाने अनेक ठिकाणी कंत्राटदारांनी एकमेकींवरून उतरवून काढल्या. असल्या नोंदवहीत राईचा गट नंबर नसतो, झऱ्याचे नाव नसते आणि नरक्यासारखी, औषधकंपन्यांच्या मागणीमुळे सह्याद्रीतून चोरून तोडली गेलेली वनस्पती गावाच्या कोणत्या कड्यावर उरली आहे हेही नसते. ते सांगू शकणारी माणसे वाडीवरच आहेत आणि त्यांची वये सत्तरीच्या पुढे आहेत.

म्हणून कामाला सुरुवात तलाठ्याच्या दप्तरापासून झाली पाहिजे. कुडपण आणि त्याच्या शेजारच्या प्रत्येक गावातल्या राईचा सातबारा काढावा. त्यावर देवस्थानाचे नाव आहे, सरकारचे आहे, जुन्या खोताच्या वारसांचे आहे की तीस सामायिक खातेदारांचे, हे आधी कळू द्यावे. १ मेच्या ग्रामसभेला मुंबईचे चाकरमानी गावातच असतात. त्या दिवशी तो उतारा मोठ्याने वाचून दाखवावा, प्रत्येक वाडीचा माणूस आणि बाई हजर असताना, कातकरी आणि बौद्ध वाडीसकट. राई विकायची नाही, गहाण टाकायची नाही, तिच्यावर सभामंडप बांधायचा नाही आणि झऱ्याच्या वाटेवर कोणाचे कुंपण पडू द्यायचे नाही, असा ठराव त्याच सभेत मांडता येतो. ठरावाची प्रत तहसीलदार, वनखाते आणि जैवविविधता मंडळाकडे पाठवून पोच घ्यावी. मग पावसाळा लागतो, आणि चार महिने त्या डोंगराकडे फिरकायला ना दलाल येतो ना साहेब. तेवढ्या अवधीत वनहक्काच्या दाव्याची जुनी कागदपत्रे गोळा होऊ शकतात.